शास्त्रापुरतं शास्त्र

मराठीत ‘शास्त्रापुरतं’ हा मोठा बोलका शब्द आहे. भूक नसली तरी शास्त्रापुरता एक घास, मानपान नको म्हटलं तरी शास्त्रापुरता एक नारळ. करायला हवं म्हणून केलं, एवढाच त्याचा अर्थ. नाशिकच्या ख्रिस्ती घरांत बायबलला अजूनही शास्त्रच म्हणतात. जाड काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत ‘पवित्र शास्त्र’ असंच छापलेलं असतं. म्हणजे हा शब्द इतरांपेक्षा आम्हालाच जरा जास्त झोंबायला हवा.

आजीचं शास्त्र माझ्याकडे आलं तेव्हा ते उघडण्याआधी मी त्याच्या कडा पाहिल्या. स्तोत्रसंहितेपाशी बोटांनी काळवंडलेला एक पट्टा होता, योहानाच्या चौदाव्या अध्यायापाशी दुसरा. बाकीच्या पानांच्या कडांवरचा लाल रंग जसाच्या तसा होता; काही पानं तर एकमेकांना चिकटलेली. स्तोत्रं आजी रोज वाचायची. चौदावा अध्याय मात्र मयतीला वाचतात. म्हणजे आमच्या घरात तीन-चार पिढ्यांत जी माणसं गेली, त्यांच्या संख्येइतक्या वेळा तरी ते पान उघडलं गेलं होतं.

उज्जीवन सभांच्या मांडवात लहानपणी एक वाक्य हमखास कानावर यायचं: फार उशीर होण्याआधी शास्त्राकडे वळा. वक्त्याचा आवाज चढायचा, पेटीवाला एकच सूर धरून ठेवायचा, पुढच्या सतरंजीवरची पोरं रडायला लागायची. मीही रडलो आहे. पण उशीर नेमका कशाला, हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. मरण येण्याआधी, एवढंच गृहीत धरलेलं असे. शास्त्राकडे वळणं म्हणजे काय, हेही तसंच मोघम: रोज वाचायचं, पाठ करायचं, वाद घालायचा नाही.

या दोन प्रश्नांना नाशिकमध्ये आणि नाशिकच्या आसपास गेल्या दोनशे वर्षांत फार वेगवेगळी उत्तरं दिली गेली आहेत. त्यांतली काही अशा माणसांनी दिली, ज्यांची नावं आज शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नाही.

पहिलं उत्तर गॉर्डन हॉल या अमेरिकन मिशनऱ्याचं. १८१३ साली तो मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि नव्या कराराच्या भाषांतराला लागला. मराठीत त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला छापलं गेलं होतं. नवख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पोथ्यांच्या जागी वाचायला काहीतरी हवं होतं, म्हणून ते ओवीत रचलेलं. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरींनी वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने नवा करार मोडी लिपीत १८११ साली छापला होता. पण मुंबई-नाशिककडच्या माणसाला ती भाषा परकी वाटे. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये पुस्तिका वाटत नाशिकला आला, तेव्हा इथे पटकीने माणसं पटापट मरत होती. जवळची औषधं आणि पुस्तिका वाटून तो परत निघाला आणि वाटेतच २० मार्चला पटकीनेच गेला, एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर. अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला. शास्त्र हातात ठेवण्यासाठी माणूस किती किंमत मोजू शकतो, याचं हे एक टोक. संपूर्ण मराठी बायबल व्हायला पुढे १८४७ साल उजाडलं.

नाशिकने दिलेलं दुसरं उत्तर मला जास्त जवळचं वाटतं, आणि ते देणारा नाशिककर आफ्रिकन होता.

चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात गावाबाहेर शरणपूर वसवलं. नावातच त्याचं काम आहे: आसरा. अरबी समुद्रात इंग्रजी जहाजं गुलामांनी भरलेली गलबतं पकडत, त्यांतली सोडवलेली पोरं मुंबईला उतरवत आणि पुष्कळांना शरणपूरला पाठवत. तिथे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं आणि शास्त्र शिकवलं जाई. याओ जमातीचा जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७२ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी ज्या ‘नाशिक बॉइज’ना आफ्रिकेत पाठवलं, त्यांत तो होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबो गावात लिव्हिंग्स्टन गेला. सोबत पाद्री नव्हता, गोरा माणूस नव्हता. सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने लिव्हिंग्स्टनचं काळीज एका झाडाखाली पुरलं गेलं. जेकबने पुस्तक उघडून अंत्यविधीची उपासना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव नि तारीख कोरली. मग शव उन्हात वाळवून, कापडात गुंडाळून ही मंडळी कित्येक महिने चालत दीड हजार किलोमीटरांहून लांब समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन गेली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब एकटाच आफ्रिकन होता.

अँग्लिकन अंत्यविधीत करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय येतो. मेलेले उठतील की नाही याचा लांबलचक ऊहापोह. एकदा आईबापांपासून तोडला गेलेला मुलगा जन्मभूमीच्या खंडात परत येऊन, परक्या भाषेत, परक्या माणसाच्या कबरीवर तो वाचतो आहे. त्या दिवशी शास्त्र शिकायला बसला असता तर काही उपयोग नव्हता. शरणपूरच्या बाकावर बसून जे आधीच शिकलं होतं, तेच त्याला हाताशी धरता आलं. दहा कुमारींच्या दाखल्यातलं तेल ऐन वेळी का उसनं मिळत नाही, हे मला सगळ्या प्रवचनांपेक्षा जेकबच्या गोष्टीतून जास्त कळलं. तिथे नरकाची भीती नाही. वेळ आली तेव्हा वाचणारं कुणीतरी हवं होतं आणि ते होतं, एवढंच.

नरकाचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो. नाशिकच्या मिशनची सुरुवात १८३२ साली झाली तेव्हा इथे आलेल्यांत रेव्हरंड चार्ल्स फॅरर होते. त्यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ मध्ये मुंबईत जन्मला. पुढे तो इंग्लंडमध्ये नावाजलेला धर्मोपदेशक झाला. त्याचं १८७४ चं ख्रिस्तचरित्र तडाखेबंद खपलं. १८७७ च्या अखेरीस त्याने वेस्टमिन्स्टर ॲबीतच पाच प्रवचनं दिली आणि इंग्रजी धर्मजगतात खळबळ उडाली. नरक, दंड आणि सार्वकालिक या तीन अर्थांचे जे इंग्रजी शब्द भाषांतरकारांनी वापरले, ते मूळ ग्रीकवर अन्याय करतात, असं त्याचं म्हणणं. मृत्यूच्या क्षणी कृपेचं दार कायमचं बंद होतं असं ठामपणे सांगायला शास्त्रात आधार नाही, हे तो शास्त्रातूनच दाखवत होता. ऑक्सफर्डच्या डॉ. प्युसींनी त्याला १८८० मध्ये पुस्तकभर उत्तर दिलं. दोघांनीही एकमेकांचे मुद्दे बारकाईने वाचले आणि काही ठिकाणी माघारही घेतली.

कोण बरोबर, हा निकाल मी लावणार नाही. पण नाशिकमध्ये सेवा केलेल्या मिशनऱ्याच्या मुलाने ‘उशीर’ या शब्दावर शास्त्र हातात घेऊन वाद घातला, आणि आम्ही नाशिककर मात्र मांडवात वाद न घालता रडलो, याची मला गंमत वाटते. आपल्या मराठी शास्त्रातही ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ असे दोन वेगळे शब्द आहेत. श्रीमंत मनुष्य आणि लाजाराच्या गोष्टीत कोणता वापरला आहे, असं मी एकदा आमच्या तरुणसंघात विचारलं. दहापैकी आठ जण नरक म्हणाले. आहे अधोलोक.

त्याच गोष्टीच्या शेवटी श्रीमंत माणूस विनवतो की निदान माझ्या भावांना सावध करायला कुणाला तरी पाठवा. उत्तर मिळतं ते असं की त्यांच्याकडे मोशे आणि संदेष्टे आहेत, त्यांचं ऐकावं. म्हणजे पुस्तक घरातच आहे. गोष्टीतला उशीर पुस्तक न मिळाल्याने झालेला नाही. आणि त्या माणसाचा अपराधही वाचन चुकवल्याचा नाही. दारातल्या फोडांनी भरलेल्या भिकाऱ्याला ओलांडून तो रोज जात होता, हा आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला शास्त्र कसं भेटलं, याच्या दोन गोष्टी तर सर्वांना ठाऊक आहेत. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. शब्द दिला म्हणून टिळक रोज थोडं वाचत गेले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी, येऊन अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची पाच वर्षं त्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या बाई १९०० मध्ये स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या गतीने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या वाटेवरची खडी पायाला टोचते. त्यांनी नवऱ्याच्या श्रद्धेचं शास्त्र उसनं घेतलं नाही. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ पहिल्या दहा-अकरा अध्यायांतच अडलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी ओवीत रचले, आणि १९३६ मध्ये नाशिकला त्या वारल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने चारही शुभवर्तमानं ओवीत बसवायची, तर प्रत्येक ओळ किती वेळा वाचावी लागली असेल! शास्त्र गांभीर्याने घेण्याची इतकी सरळ, इतकी कष्टाची दुसरी तऱ्हा मला मराठीत दिसत नाही.

म्हणजे एक दिसते. पंडिता रमाबाईंची. सिलचरला त्यांच्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका हाती लागली, तिथून सुरुवात. १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पण ज्या भगिनींनी तिथवर आणलं, त्यांच्याशीच त्या त्र्यैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून भांडत राहिल्या: मी स्वतः वाचीन, मला पटलं तरच मानीन. आज एखादी मुलगी मंडळीत असं बोलली तर तिला ‘विश्वासात कच्ची’ म्हणतील. या ‘कच्च्या’ बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीकशी झुंज घेत, केडगावच्या मुक्तिसदनात खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. मुद्रणाचं कामही तिथल्या स्त्रियांनीच केलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

हॉल, टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई. या सगळ्यांना वाचल्याने काहीतरी गमवावं लागलं: जीव, जात, घर, माणसं. आम्हाला वाचल्याने गमवावं लागत नाही, फार तर अर्धा तास जातो. म्हणूनच की काय, तो अर्धा तासही जड जातो.

आजचं चित्र झटपट सांगतो. अँग्लिकन परंपरेतून १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलेल्या मंडळ्यांत रविवारचे पाठ ठरलेले असतात. जुना करार, पत्रं, शुभवर्तमान. वाचणारा नीट वाचतो, ऐकणारा उभा राहतो, बसतो. कॅथलिकांना १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने शास्त्राचं दार सताड उघडून दिलं. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आल्यावर तर कित्येक बिगरख्रिस्ती मराठी वाचकांनीही ते विकत घेतलं; त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाशिकरोडला बाल येशूच्या यात्रेला गर्दी होते, तिथून मात्र लोक मेणबत्ती घेऊन येतात, पुस्तक क्वचित. पेंटेकोस्टल सभांत वचन पाठ असतं, अध्याय-ओवीसकट तोंडावर असतं. त्यांची मेहनत मला आवडते; पण ओवी तिच्या अध्यायातून उपटून कपाळावर चिकटवायची सवय आवडत नाही. आणि सगळीकडेच एक नवी अडचण आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘अभिवचन’, ‘नीतिमान’, ‘प्रायश्चित्त’ हे शब्द आजीच्या भाषेइतकेच लांबचे झालेत. त्यांच्या मोबाइलवर शास्त्राची पन्नास भाषांतरं आहेत, मराठी ऐकायचीसुद्धा सोय आहे. आजीने ज्या मराठीत देवाशी बोलणं केलं, ती मराठी मात्र त्यांच्या पुढच्या पिढीला वाचून दाखवणारं कुणी नसेल. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यांतही मराठीत उपासना करणारे आणखी थोडे. मला विचाराल तर खरा उशीर इथे होतो आहे.

बाहेरून आलेला एक प्रश्न इथे टाळता येत नाही, कारण तोही याच जिल्ह्याशी बांधलेला आहे. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. मिशनवाल्यांच्या आशा पालवल्या होत्या. आंबेडकरांनी मात्र धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना उलटा सवाल केला: ख्रिस्ती झालेला अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा का राहत नाही? त्याला दुःखाचं कारण स्वतःच्या पापात शोधायला शिकवलं जातं, समाजात नाही, हे त्यांचं निदान. आमच्या मंडळ्यांत लग्नं जुळवताना आजही काय विचारलं जातं हे ज्याला ठाऊक आहे, त्याने हा सवाल शिळा झाला असं म्हणू नये. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरला जी मांडणी केली, तिथून दलित ईश्वरविज्ञानाची वाट सुरू झाली. पुढे त्यांनी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातली, भटक्या पूर्वजाची आठवण सांगणारी कबुली पायाला घेतली: देवासमोर उभं राहून आधी आपण कोण होतो ते बोलायचं. तोच अध्याय शब्बाथशाळेत आम्हाला दशमांश का द्यावा हे शिकवण्यासाठी वाचून दाखवला होता.

शास्त्रातच शास्त्र हरवल्याची एक गोष्ट आहे. योशिया राजाच्या अठराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं. मंदिराचंच पुस्तक, मंदिरातच हरवलेलं. राजा ते ऐकून वस्त्रं फाडतो आणि माणसांना हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे पाठवतो. तिचं उत्तर कठोर आहे: या नगरावरचं अरिष्ट आता टळणार नाही. उशीर झालेला आहे. तरीही राजा सुधारणा थांबवत नाही. लोकांना गोळा करतो आणि सगळं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतो. काही मिळणार नाही हे कळल्यावर त्याने वाचलं, म्हणून मला योशिया मांडवातल्या उपदेशकांपेक्षा मोठा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातल्या एका घरगुती प्रार्थनासभेला गेलो होतो. द्राक्षबागांची गोडी छाटणी नुकती उरकली होती. आलेल्यांत निम्म्या बायका बागांत रोजाने जाणाऱ्या. हाताला हिरवट-काळे डाग. पाळकसाहेबांनी मत्तयाचा विसावा अध्याय काढला. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखाच रोज ठेवतो. पाळकसाहेब नेहमीच्या वाटेने निघाले: शेवटच्या घटकेलाही तारण मिळतं, पण म्हणून उशीर करू नये.

मागे भिंतीला टेकलेली एक बाई मध्येच बोलली. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, ‘‘पाळकसाहेब, त्या पाचच्या लोकांना दिवसभर कुणी का नाही नेलं?’’

पाळकसाहेब थांबले. पुस्तकात पाहिलं. तिथे उत्तर आहेच: आम्हाला कुणी कामाला लावलं नाही, असं ती माणसं सांगतात. त्यांनी ते वाचून दाखवलं.

‘‘म्हातारी असतील,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाईतर अंगात कमी. मुकादम तसल्यांना गाडीत घेत न्हाई. आन घरी चूल तर तीच आसती ना, सकाळच्या माणसाची आन पाचच्या माणसाची.’’

खोलीत कुणी बोललं नाही. कुणाच्या तरी मांडीवर एक पोर चुळबुळलं. पाळकसाहेबांचं बोट अजून त्याच ओळीवर होतं.

बाईने पदर सावरला. ‘‘पुढं काय झालं?’’ ती म्हणाली. ‘‘वाचा ना.’’